अक्कांच्या बारागाड्या

अक्का, परवा तुमच्या दारावर येऊन गेलो. आपल्याकडे मयताच्या घरी बसायला जाण्याला हाच शब्द आहे, पण तुमच्या बाबतीत तो तोंडातून निघेना. धुळ्याच्या त्या घराच्या दारावर मी कितीतरी वर्षं येत आलो, आणि दर वेळी आतून तुमचाच आवाज यायचा, "कोन शे? इंजिनेर का? ये, बठ, चहा ठेवस." परवा कोण आलंय हे कुणी विचारलं नाही. अंगणात ऊन होतं म्हणून ताडपत्री बांधली होती. ती आपल्या आकाशपाळण्याच्या तिकीटखिडकीवरची, कडेला निळा पट्टा आणि मधोमध तुम्ही घातलेला लांबलचक टाका. मी बरोबर त्या टाक्याखाली जाऊन बसलो.

माणसं तुमच्याबद्दल चांगलं बोलत होती. जत्रेच्या धंद्यात बाई असून उभी राहिली, कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, वगैरे. सगळं खरं आहे. पण माझं तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाशी पुढे नेता येणार नाही. म्हणून लिहायला बसलो. मी लिहिताना पुस्तकी होतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमची-माझी ओळखच मुळी त्या पुस्तकी बोलण्यावरून झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकता मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील शिंदखेड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मला वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी लागेल असं घरातल्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ती लागली नाही, आणि मी जळगावात एका वर्कशॉपमध्ये चिकटलो. केळीच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरचे हूक, लोखंडी गेट, येईल ते काम. तिथे तुम्ही आकाशपाळण्याचा वाकलेला शाफ्ट घेऊन आलात. बरोबर तुमचा वेल्डर दगडू. मी शाफ्ट बघून म्हणालो, "यावर असमान भार आलेला आहे."

तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत आणि दगडूला विचारलंत, "हाऊ घरमा बी असाच बोलस का?"

"शिकेल शे, अक्का," दगडू म्हणाला. "उतरी जाई हयूहयू."

ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

त्याच वर्षी तुम्ही कुणाच्या तरी लग्नाला मुंबईकडे गेलात आणि तिथलं नवं अम्युझमेंट पार्क बघून आलात. आल्या आल्या वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसलात. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की तिथली गाडी वर कशी चढते, साखळीने की आणखी कशाने. तुम्ही म्हणालात, "माले काय माहीत? मी डोया मिटेल व्हतात." मग चिमूट दाखवून म्हणालात, "गाडीमा मी इतलासा येळ बठनू. पन त्याना पहिले तासभर लाइनमा उभी व्हतू. माले ती लाइनच याद शे. गुहा करेल व्हती. मी टकटक करी दखं, आतून पोकय. पन तठे अंधार व्हता, पानी टपके, आनि पुढला लोके वरडेत ते ऐकू ये. मन्हं पोट तठेच गोया व्हई गयं. गाडी ते मंग उनी."

आज मी ज्या पार्कात काम करतो तिथे याला थीमिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळं खातं आहे. त्या खात्यातली मंडळी मोठमोठे बोर्ड लावून जे समजावतात, ते तुम्ही स्टुलावर बसून चहाच्या कपात सांगून टाकलं होतं. मला मात्र तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात भलतंच चालू होतं. कॉलेजच्या लायब्ररीत एका परदेशी मासिकात मी वाचलं होतं की काही गाड्या साखळीने हळूहळू वर नेत नाहीत. त्या जागेवर उभ्या असतात आणि एकदम सुटतात. कुठे एखादं जड चाक आधी फिरवून ठेवतात आणि क्लचने त्याचा जोर दोराला देतात, कुठे मनोऱ्यावरून वजन खाली सोडतात. मी तुम्हाला कागदावर काढून दाखवलं. म्हणालो, आपण अशी करू. जिनिंगच्या भंगारात ऑइल इंजिनचं तसंच जड चाक, फ्लायव्हील, पडलंय. वर रॉकेटचा आकार देऊ.

"रॉकेट आठे कोनी दखेल शे?" तुम्ही म्हणालात. "बारागाड्या कर."

ज्यांनी बारागाड्या पाहिल्या नाहीत त्यांना तुमचं म्हणणं कळायचं नाही. आपल्या खानदेशात गावच्या यात्रेला बैल न जुंपता बारा गाड्या एकामागे एक बांधतात. त्यांवर माणसं दाटीवाटीने बसतात, लोंबकळतात, आणि गावचा भगत कमरेला दोर बांधून त्या एकटा ओढतो. दोन बाजूंनी त्याला धरून बगले चालतात. देवाच्या नावाचा गजर होतो, पहिल्यांदा चाकं हलत नाहीत, मग करकरतात, आणि मग सगळा गाव श्वास रोखून उभा असताना गाड्या सुटतात. विचार केला तर आम्ही ज्याला लाँच म्हणतो तो हाच. तुमच्या माहेरी त्या गाड्यांवर बायका बसत नसत.

हे तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलंत, रागाने नव्हे, हिशेब सांगावा तसं. "मन्हा भाऊ बठे, चुलतभाऊ बठेत, आमना सालदार बी बठे. मी धाकल्याले कडेवर लिसन उभी ऱ्हाऊ. आते आपली पहिली गाडी बायास्नी. ती मन्हा माहेरनी जत्रामा पयी पाहिजे, आनि पहिला डाव तिन्हामा मी बठसू."

तुमचं मागणं एवढंच होतं. पुढची दोन वर्षं आपण ज्यासाठी लोखंड कापलं ते हेच.

आमच्या वडिलांना ते पटलं नव्हतं. "शिकीसवरी जत्राना पायना करस?" असं ते मला रोज विचारायचे. तुम्ही शिंदखेड्याला आमच्या घरी येऊन बसलात. वडिलांनी तुम्हाला एकच प्रश्न विचारला, "पडी का ते?" तुम्ही म्हणालात, "दादा, पडनं ते पहिले मी खाले व्हसू." त्यानंतर वडिलांनी मला काही विचारलं नाही. उलट फ्लायव्हील काढताना जिनिंगच्या मालकाशी तेच बोलले. माझ्या शिक्षणाचं काही होतंय, हे त्यांना पहिल्यांदा तुमच्या तोंडून कळलं. हे तुम्हाला मी कधी बोललो नाही. आज बोलतो.

रूळ तयार झाला तसे आपले वाद सुरू झाले. माझ्या पहिल्या नकाशात गाडी सरळ सुटून चढावर जायची आणि त्याच वाटेने परत यायची. तुम्ही नकाशा उलटा करून ठेवलात. "बारागाड्या मांगे येतस का कधी? मांगे येनं म्हंजे गाववर काई तरी येनं." मी म्हणालो, ही देवाची गाडी नाही, लोखंडाची आहे. तुम्ही म्हणालात, बसणारे तेच आहेत ना. मग मी रूळ गोल वळवला. चढावरून गेलेली गाडी दुसऱ्या बाजूने उतरून पुन्हा दारात येईल असा. त्याबद्दल चार दिवस मी तुमच्याशी धड बोललो नाही.

दांड्याच्या बाबतीत मात्र मी हटलो नाही. प्रत्येक गाडीत बसणाऱ्याच्या मांडीवर आडवा लोखंडी दांडा हवाच. तुम्हाला तो डोळ्यांत खुपायचा. बैलगाडीला कुठे दांडा असतो, सगळा देखावा बिघडतो. मी म्हणालो, दांडा नसेल तर मी नाही. तुम्ही दांड्यांना लाल कापड गुंडाळून टाकलंत आणि तो विषय मिटला.

देखावा सगळा तुमचा. खऱ्या बैलगाडीचं साटं, म्हणजे बसायची चौकट, जू, चाकांवर रंगवलेले पट्टे, जुवाला घुंगरमाळ, पण बैल नाही. दाराकडे येणारी वाट तुम्ही मुद्दाम कापडी कनात लावून नागमोडी केलीत, म्हणजे उभ्या माणसाला गाड्या दिसणार नाहीत, घुंगरं मात्र ऐकू येतील. वाटेत धूप. एका वळणावर डफ वाजवणारा बसवलेला. आणि पहिल्या गाडीच्या पुढे, चाकांवर उभा, कमरेला दोर बांधलेला भगताचा पुतळा. कागदाचा लगदा आणि तुरीच्या काड्या. इतका हुबेहूब की दगडू येता-जाता त्याला हात जोडायचा.

मग तापीकाठच्या एका जत्रेत आपण पहिल्यांदा गाड्या लावल्या. तो दिवस आपण दोघेही नंतर हसत सांगायचो, पण त्या दिवशी हसू नव्हतं. फ्लायव्हील पूर्ण वेगात आलं, डफ चढला, दगडूने क्लच टाकला, आणि गाड्या हलल्या. त्याबरोबर कुंपणाबाहेरची माणसं आत घुसली. कुणी मस्ती म्हणून नाही. गाड्या हलल्या की खांदा द्यायचा, धावत जाऊन लोंबकळायचं, हे त्यांच्या हाडांत होतं. एकाने मागून रेटा दिला, चार जण साट्याला धरून चढले. माझ्या हिशेबात ती चार माणसं नव्हती. चढाच्या टोकाला गाड्या मंदावल्या, थांबल्या, आणि बाराच्या बारा मागे आल्या.

एकाचं धोतर फाटलं, एकाचं कोपर खरचटलं. लागलं ते तेवढंच. पण मैदानात जी सामसूम झाली ती मी विसरलो नाही. डफवाल्याने डफ खाली ठेवला. एक म्हातारा म्हणाला, "मांगे उन्यात," आणि माणसं पांगली.

ती बातमी आपल्या आधी तुमच्या माहेरी पोचली. तिथल्या भगत आबांनी निरोप धाडला की ज्या गाड्या मागे आल्या त्या गावात नकोत.

मी तुम्हाला म्हणालो, पाहिलंत, रॉकेट असतं तर कुणी रेटायला आलं नसतं. माझं म्हणणं चूक नव्हतं, अक्का. अजूनही नाही. तुम्ही ते अमान्यही केलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मोडक्या कनातीपाशी उभ्या राहून मला विचारलंत, "त्यास्ना हात मोकया व्हतात म्हनीसन त्या उनात. हातमा काई तरी देवो का?"

"काय देणार?"

"दोर."

माणसांनी दोर ओढून गाडी पळवायची हे मला मान्य नव्हतं. एकदा वीस जण असतील, एकदा साठ. जोर दर वेळी वेगळा, आणि कमी पडला की पुन्हा मागे. मी दिवसभर डोकं धरून बसलो. मग मासिकातलं दुसरं चित्र आठवलं. माणसांनी दोर ओढून गाड्या ओढायच्या नाहीत, वजन वर चढवायचं. वजन मनोऱ्याच्या टोकाला जाऊन खटक्यात अडकलं की झालं. मग वीस ओढोत की साठ, खाली येताना ते गाड्यांना तेवढ्याच जोराने ओढणार. भुसावळहून भंगारातले लोखंडी ठोकळे आणले. ओढणारे कुंपणाबाहेर, दोर कप्प्यांवरून फिरून मनोऱ्यावर. चढावर मी एकामागे एक खटके बसवले, गाडी पुढे गेली की खाली पडणारे, म्हणजे मागे यायचा प्रश्नच नको. दोर तुमचा आणि वजन माझं. यावर आपलं कधी दुमत झालं नाही. दोन्हींतलं मोठं काय, यावर शेवटपर्यंत झालं.

भगत आबांकडे आपण दोघं गेलो होतो. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. तुम्ही पाया पडलात आणि मला पुढे केलंत. मी खटक्यांचं सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे मांगे येवाव नहीत?"

"येणार नाहीत."

"हाई तू सांगस, का देव सांगस?"

"खटका सांगतो, आबा."

ते इतके हसले की शेंगा सांडल्या. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "तो पुतळा काढी टाक. भगत आजून जित्ता शे." तुम्ही हो म्हणालात. पुतळा तुमच्या हातचा होता, तीन आठवडे खपून केलेला, पण तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. मग आबांनी विचारलं, "आनि पहिली गाडी बायास्नी, असं ऐकं मी."

"तुमन्या गाड्या त्या तुमन्या, आबा. ह्या तिकीटन्या शेतस."

आबा सांडलेल्या शेंगा वेचू लागले. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आपण निघालो तेव्हा त्यांनी तुमच्या ओंजळीत शेंगा घातल्या. परत येताना एसटीत तुम्ही त्या मला सोलून देत होतात आणि विचारत होतात, "हाऊ होकार शे का नकार?"

यात्रेच्या दिवशी उन्हं कलताना खऱ्या बारागाड्या ओढून झाल्या आणि माणसं आपल्याकडे वळली. दोर हातात आला तशी रेटारेटी कुंपणाबाहेरच राहिली. दोराला हात लावायला बाहेर रांग, बसायला आत रांग. वजन वर चढायचं तसा गजर वाढायचा, खटका टक्‌ वाजला की एकदम शांतता, आणि मग गाड्या सुटायच्या. एकदाही मागे आल्या नाहीत. पण पहिली गाडी रिकामी पळत होती. बायका लांब, देवळाच्या भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या.

"अक्का, पुढली गाडी मोकयी शे. बठू का?" एका तरण्याने विचारलं.

"ती बायास्नी शे."

"मंग बाया कोठे शेतस?"

"येतीन."

डाव झाले, आणखी डाव झाले. मी म्हणालो, अक्का, बसू द्या माणसांना, रिकामी गाडी बघून लोकांना वाटेल तिच्यात काही बिघाड आहे. तुम्ही म्हणालात, वाटू दे. मी म्हणालो, मग तुम्हीच बसा. तुम्हालाच तर बसायचं होतं. एक बाई बसली की बाकीच्या येतील. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी बठनू ते म्हनतीन, मालकीन शे, तिन्ही गाडी, ती बठी. त्यानी काय व्हनार शे?"

तेव्हा मला तुमचा थोडा रागच आला होता.

मग तुमची माय आली. काठी टेकत, शेजारच्या दोघींना घेऊन. नागमोडी वाटेने सगळी कनात चालून आली, धूप नाकाला लावला, आणि गाडीपाशी थांबून तुम्हाला विचारलं, "चपला काढू का वं?"

 तुम्ही नुसती मान हलवलीत. तिघींनी चपला काढल्या. मी दांडा खाली घेतला तशी माय मला म्हणाली, "हाऊ कसाले? मी बैलगाडीवरथून कधी पडनू नही." मी म्हणालो, "माय, ही बैलाचं ऐकत नाही." बाहेर दोर ओढणाऱ्यांत कुणीतरी ओरडलं की पहिल्या गाडीत म्हातारी बसली आहे, आणि त्या डावाला जितके हात दोराला लागले तितके आधी लागले नव्हते. वजन वर गेलं. टक्‌. दगडूने खटका सोडला.

गाड्या फिरून आल्या तेव्हा मायच्या डोक्यावरचा पदर मानेवर आला होता. पदर तिने डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "इतलंच?" सगळे हसले. मी दांडा वर केला, तर तो तिने पुन्हा खाली ओढून घेतला आणि दगडूला म्हणाली, "सोड परत."

नंतर पहिल्या गाडीसाठी भांडणं झाली. बायका एकमेकींना मागे सारत होत्या. गाडीपाशी चपलांचा ढीग पडला आणि पुढे ती आपल्या गाड्यांची रीतच झाली. कुठल्याही जत्रेत कुणी न सांगता माणसं चपला काढूनच चढायची. भगत आबा काही आले नाहीत. ते देवळात आडवे पडून अंग चेपून घेत होते, असं कुणी म्हणालं.

दिवेलागणीला गर्दी जरा निवळली तेव्हा मी म्हणालो, "अक्का, आता तरी."

"खटका कोन सोडी?"

"दगडू सोडतोय की."

"मंग ह्या चपला कोन राखी?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी जळगावला गेलो, वर्कशॉपची कामं अडली होती. पुढे कितीतरी जत्रा झाल्या. दर वेळी मी विचारायचो आणि दर वेळी तुमचं उत्तर निराळं. पोट दुखतंय. मालकीण बसली म्हणजे गिऱ्हाइकाची जागा गेली. आता गुडघे राहिले नाहीत. शेवटी मी मनाशी ठरवून टाकलं की तुम्हाला भीती वाटते. मुंबईच्या गाडीत डोळे मिटून बसलेली बाई. ते मी तुम्हाला एकदा बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "असी बी." नाकारलं नाहीत.

मग मला ही पार्कातली नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं होतं, आजवर काय बनवलंत. मी बारागाड्या सांगितल्या. समोरचे साहेब आधी हसले, मग त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, काढून दाखवा. मी मनोरा, कप्प्या, खटके काढले आणि सवयीने कनातीची नागमोडी वाटही काढली. त्यांनी वाटेवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, हे अक्कांचं. नोकरी माझ्या डिग्रीने दिली असेल, पण त्या कागदाने दिली असं मी आजही धरून चालतो.

आपल्या गाड्या पुढे थांबल्या. बाहेरून मोठमोठे यांत्रिक पाळणे यायला लागले, दोर ओढायला कुणाला सवड राहिली नाही, आणि साटी रावेरला केळीवाल्यांनी नेली, घड वाहायला. तुम्ही त्याचं दुःख केलं नाहीत. मला पत्ता देऊन म्हणालात, तिकडे गेलास तर बघून ये, चाकं नीट आहेत का.

शेवटचं आलो ते गेल्या हिवाळ्यात. तुम्ही खाटेवर होतात, पण आवाज तोच. मी मोठ्या उत्साहाने मासिकातलं चित्र दाखवलं. आता परदेशात गाड्या चुंबकाने सोडतात. दोर नाही, वजन नाही, गाडीला कशाचा स्पर्शसुद्धा होत नाही. नुसती वीज. उभी असते, आणि आहे म्हणेपर्यंत गेलेली असते. तुम्ही चित्र डोळ्यांजवळ धरलंत.

"मंग भायेरला लोके काय करतस?"

"काही नाही. बघतात."

"नुसता दखतस?"

मी म्हणालो, अक्का, आत बसलेल्याला काय फरक पडतो? पाठीला धक्का बसतो तो जोराचा बसतो. जोर तेवढाच असेल तर तो शंभर माणसांनी दिला काय, विजेने दिला काय, पाठीला सारखाच.

"तुले काय माहीत?"

"हिशेब आहे, अक्का."

 मला वाटलं, आता तुम्ही नेहमीसारखं काहीतरी काढाल, गुहा, अंधार, टपकणारं पाणी. पण तुम्ही चित्र घडी करून मला परत दिलंत आणि म्हणालात, "बराबर शे. चहा ले, निवी जाई." इतक्या वर्षांत आपल्या वादात तुम्ही पहिल्यांदा बरोबर आहे म्हणालात. मी खुशीत एसटीला निघालो. घाटात असताना मला चुकल्यासारखं वाटलं होतं, तुम्ही इतक्या सहज सोडणाऱ्या नव्हतात. पुढच्या खेपेला विचारू म्हटलं.

परवा ताडपत्रीखाली दगडू माझ्या शेजारी बसला होता. आता तोही थकलाय. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला हे चुंबकाचं भांडण सांगितलं, आणि म्हणालो, अक्का शेवटी हरल्या. तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तुमले सांगं नही का त्यास्नी?"

त्याने सांगितलं ते असं. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसून गेल्यावर गाड्या सोडवायला घेतल्या होत्या. मैदान रिकामं झालं होतं. तुम्ही अंघोळ करून, नवं लुगडं नेसून आलात आणि म्हणालात, वजन चढवा. दोराला माणसं नव्हती, म्हणून दगडूने ट्रॅक्टर लावून वजन चढवलं. तुम्ही चपला काढल्यात. पहिल्या गाडीत बसलात, दांडा स्वतःच खाली घेतलात. डफ नव्हता, धूप नव्हता. त्याने खटका सोडला. गाड्या फिरून आल्या, आणि तुम्ही उतरला नाहीत. त्याने विचारलं, कशी वाटली अक्का?

"जोर व्हता रे," तुम्ही म्हणालात. "पन कोनीच नही व्हतं."

मग चपला घालताना त्याला बजावलंत, "इंजिनेरले सांगू नको. त्याना हिशोब बराबर शे."

अक्का, त्या सकाळी मागच्या अकरा गाड्या रिकाम्या होत्या आणि पहिल्या गाडीत तुम्ही एकट्या. मनोऱ्यावरचं वजन मात्र भरल्या गाड्यांच्या हिशेबाचं. म्हणजे त्या रुळावर कुणाच्याही पाठीला बसला नसेल एवढा जोराचा धक्का तुम्हाला बसला. हे मी एसटीत बोटांवर मांडून पाहिलं, दोनदा. आणि खाटेवरून "तुले काय माहीत" म्हणालात तेव्हा ते तुम्ही खरंच विचारत होतात. मी ऐकलं नाही म्हणून तुम्ही चहा पुढे केलात.

तुम्ही मला तेव्हाच निरोप पाठवायला हवा होता. जळगाव कितीसं लांब. मी दुपारच्या गाडीने परत आलो असतो. साटी अजून रुळावर होती, दोर होता, यात्रेचा पाहुणा गावातून हलला नव्हता. मी घरोघर जाऊन माणसं उठवली असती, डफवाल्याला उठवलं असतं, तुमच्या मायला शेजारी बसवलं असतं. तुम्हाला पुन्हा चपला काढाव्या लागल्या असत्या. आणि कुंपणाबाहेर, दोराला सगळ्यात पुढे, मी उभा राहिलो असतो.